सुमिदा नदीचा पूर्वतीर : काफूच्या ‘बोकुतो किदान’चा पुनर्विचार

१

टोकियोच्या तेवीस विशेष वॉर्डांपैकी सुमिदा हा एक. पश्चिमेस सुमिदा नदी आणि उत्तर-पूर्वेस आराकावाचा रुंद प्रवाह व जुनी नाका नदी यांच्यामध्ये सापडलेल्या या भूभागाचे क्षेत्रफळ अवघे १३.७७ चौरस किलोमीटर आहे. तथापि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दोन लक्ष सत्तर हजारांहून अधिक भरली. राहती घरे, दुकाने आणि लहानमोठे कारखाने यांची येथे पूर्वापार दाटी आहे. होंजो आणि मुकोजिमा हे दोन जुने वॉर्ड एकत्र करून मार्च १९४७ मध्ये हा वॉर्ड अस्तित्वात आला. त्याचे नाव सिद्ध करताना जी योजना झाली ती वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. नदीच्या बांधाला कवींनी दिलेले ‘बोकुतेइ’ हे चिनी वळणाचे नाव आणि नदीचे ‘सुमिदा’ हे रूढ नाव या दोहोंतून एकेक अक्षर घेऊन वॉर्डाचे नाव लिहिले गेले. म्हणजे नगरशासनाच्या दप्तरात जे नाव दाखल झाले त्यातील निम्मे तरी काव्याकडून उसने घेतलेले आहे.

ज्या भागाचे नावच वाङ्मयाने सिद्ध केले, त्याची लोकमानसातील प्रतिमाही वाङ्मयानेच घडविली असल्यास नवल नाही. परंतु ती प्रतिमा कोणाच्या दृष्टीतून घडली हा प्रश्न येथे केवळ रसास्वादापुरता उरत नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर होंजोतील लष्करी वस्त्रागाराच्या मोकळ्या जागेत आश्रयास आलेली सुमारे अडतीस हजार माणसे आगीच्या वावटळीत जळून मेली. १० मार्च १९४५ च्या रात्री झालेल्या हवाई हल्ल्यात होंजो-मुकोजिमाचा बहुतांश भाग पुन्हा भस्मसात झाला. बावीस वर्षांत दोनदा जळालेल्या वस्तीचे जुने रूप जाणून घ्यावयाचे तर घरे, रस्ते आणि देवळे यांची साक्ष अपुरी पडते, आणि वाङ्मयाची साक्ष अधिक मोलाची ठरते. अशा वेळी साक्षीदार कोण, तो तेथे राहत होता की पाहावयास आला होता, हे तपासणे समीक्षेचे कर्तव्य होय.

या भागाचा सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन साक्षीदार म्हणजे नागाइ काफू (१८७९–१९५९) आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष म्हणजे १९३७ मधील ‘बोकुतो किदान’ ही कादंबरिका. ‘नदीपूर्वेची एक विलक्षण कथा’ असा या नावाचा अर्थ सांगता येईल. काफू हा लोपलेल्या एदो संस्कृतीचा शोककर्ता, आणि सुमिदाचा पूर्वतीर हे त्या संस्कृतीचे शेवटचे आश्रयस्थान, असा समज दृढ झाला आहे. हा समज ‘बोकुतो किदान’च्या बाबतीत कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

पूर्वतीराकडे पाहण्याची जी दृष्टी काफूपाशी आहे ती त्याने प्रथम निर्माण केलेली नाही. ‘इसे मोनोगातारी’ या प्राचीन ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात राजधानी सोडून निघालेला एक प्रवासी आपल्या सोबत्यांसह या नदीच्या काठी येतो. नदीवरील अनोळखी पक्ष्याचे नाव ‘मियाकोदोरी’, म्हणजे राजधानीचा पक्षी, असे कळताच दूर राहिलेल्या प्रियजनांच्या आठवणीने सर्वांचे डोळे भरून येतात. परंपरेने हा प्रवासी म्हणजे कवी आरिवारा नो नारिहिरा असे मानले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोतोमासाच्या ‘सुमिदागावा’ या नो नाटकात क्योतोची एक माता पळवून नेलेल्या पुत्राच्या शोधात येथवर येते, आणि पैलतीरावर तिला त्याचे थडगे सापडते. दोन्ही कृतींत नदी ही सीमा आहे, तिच्याकडे येणारा मनुष्य परका आहे, आणि त्याला जे दुःख होते ते मागे राहिलेल्या अथवा हरवलेल्या गोष्टीचे आहे. तीरावर नित्य राहणारा नावाडी तेवढा दोन्हीकडे आहे. पण तो माहिती सांगण्यापुरता.

काफू या परंपरेचा वारस आहे. १९०३ ते १९०८ या काळात अमेरिका व फ्रान्स येथे राहून परतल्यावर त्याने १९०९ मध्ये ‘सुमिदागावा’ ही कथा लिहिली. तीत चोकिची हा तरुण शाळा सोडून नट होऊ पाहतो. बालमैत्रीण ओइतो गेइशा झाल्यामुळे तो खचतो आणि अखेर पुराच्या पाण्यात हेतुपुरस्सर भटकून विषमज्वर ओढवून घेतो. त्याची आई पश्चिमतीरावरील इमादो येथे राहते, आणि कवी असलेला मामा रागेत्सु पूर्वतीरावरील कोउमे येथे. आईच्या घरी व्यवहार आहे, शिक्षण आहे, भावी उत्कर्षाची चिंता आहे. मामाच्या घरी कविता आणि जुनी रसिकता आहे. नदीचे दोन तीर म्हणजे दोन जीवनदृष्टी, ही मांडणी येथेच पक्की झालेली दिसते. पुढे १९१४-१५ मधील ‘हियोरी गेता’ या निबंधमालेत छत्री घेऊन, लाकडी खडावा घालून, जुन्या नकाशाच्या आधारे गल्ल्या, मोकळ्या जागा, चढउतार आणि घाट धुंडाळणारा भटक्या रसिक काफूने उभा केला. त्याचे स्वतःचे घर मात्र १९२० पासून आझाबूच्या उंच भागात, नदीपासून पुष्कळ दूर होते. पूर्वतीर ही त्याची वस्ती कधीच नव्हती. ती त्याची फेरी होती.

३

‘बोकुतो किदान’ एप्रिल ते जून १९३७ या काळात ‘असाही’ वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. निवेदक ओए तादासु हा साठीच्या घरात आलेला लेखक. त्याला एक कादंबरी लिहावयाची आहे. तानेदा जुन्पेइ नावाचा मध्यमवयीन शिक्षक निवृत्तीची रक्कम हाती येताच घरदार सोडून नाहीसा होतो, असा तिचा विषय. या शिक्षकाच्या अज्ञातवासासाठी योग्य जागा शोधीत निवेदक मुकोजिमातील तामानोइ या वेश्यावस्तीत येतो. शेजारच्या रेडिओचा कर्णकटू आवाज त्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरात बसू देत नाही, हेही एक निमित्त. जूनअखेरच्या एका अवचित पावसात ओयुकी नावाची तरुणी त्याच्या छत्रीत शिरते, आणि तेथून दोघांचा परिचय सुरू होतो. सप्टेंबर सरताना तो संपतो. कथानक म्हणून एवढेच.

ओयुकीचा केशबंध जुन्या पद्धतीचा आहे. तिच्या घरापुढील गटार, त्यावरील डासांचे गुणगुणणे आणि गल्लीचा ओलसर वास यांमुळे निवेदकाला तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या नगराचा भास होतो. थकलेल्या मनापुढे गतकालाचे चित्र उभे करणारी काव्यदेवता असे तो तिला मानतो. येथपर्यंत वाचून थांबणाऱ्यास, जुने एदो शोधीत गेलेल्या रसिकाला ते तामानोइत सापडले, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु तामानोइ जुने नव्हते. १९१८-१९ च्या सुमारास आसाकुसा येथील कान्नोन मंदिराच्या मागील रस्ता रुंद करताना हुसकलेली मद्यगृहे या बाजूस आली. १९२३ च्या भूकंपानंतर वस्ती झपाट्याने वाढली. ज्या तेराशिमा गावात ती होती ते गाव टोकियो नगरीत समाविष्ट झाले १९३२ मध्ये, म्हणजे कादंबरिकेच्या प्रकाशनापूर्वी अवघी पाच वर्षे. भाताची खाचरे आणि डबकी बुजवून वेड्यावाकड्या गल्ल्यांची जी गुंतागुंत तयार झाली, तिला काफू ‘चक्रव्यूह’ या अर्थाचा फ्रेंच शब्द वापरतो. ही गुंतागुंत जुन्या नगररचनेतून आलेली नसून नव्या आणि घाईच्या बांधकामातून आलेली होती. ओयुकी या तीराची नाही. पूर्वी आपण उत्सुनोमिया येथे गेइशा होतो असे ती सांगते. निवेदक पश्चिमेकडून आलेला, नायिका उत्तरेकडून आलेली, व्यवसाय आसाकुसाहून उठून आलेला. ज्या पूर्वतीराला एदोचे आश्रयस्थान म्हणावयाचे, त्या पूर्वतीराचा मूळ रहिवासी असे प्रमुख पात्र या कृतीत एकही नाही.

विशेष म्हणजे हे सर्व काफूने लपविलेले नाही. वस्तीची कुळकथा तो कादंबरिकेतच सांगतो. त्याच्या रोजनिशीत १९३६ मध्ये तामानोइचा हाताने काढलेला नकाशा आहे, आणि कृतीच्या खाजगी आवृत्तीत त्याने स्वतः टिपलेली छायाचित्रे आहेत. इतक्या बारकाईने स्थळाची पाहणी करणाऱ्या लेखकाला ते स्थळ किती नवे आहे हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. शीर्षकातील ‘बोकु’ हे अक्षरही या दृष्टीने बोलके आहे. मूळ अक्षराचा अर्थ शाई. त्याला जलवाचक चिन्हाची जोड देऊन हायाशी जुस्साइ या एदोकालीन पंडिताने हे अक्षर खास या नदीसाठी घडविले होते. शीर्षकातच, हा प्रदेश शाईने निर्माण केलेला आहे, अशी जणू कबुली आहे. तेव्हा गतकाल तामानोइत होता आणि काफूला तो सापडला, असे म्हणणे युक्त नव्हे. गतकाल निवेदकाच्या मनात होता. तामानोइने त्याला गटार, डास आणि केशबंध एवढी सामग्री पुरविली.

४

या निर्मितीची किंमत कोण देतो, हा खरा प्रश्न. निवेदक ओयुकीला आपले नाव सांगत नाही आणि व्यवसायही सांगत नाही. तो चोरट्या पुस्तकांचा व्यवहार करणारा असावा असा ती तर्क करते, आणि तो तिला तसेच समजू देतो. वस्तीत कोणाचे लक्ष वेधू नये म्हणून तो मुद्दाम जुनाट कपडे घालून जातो. पुढे ओयुकी या जीवनातून सुटून त्याची पत्नी होण्याची इच्छा सुचविते, तेव्हा तो दूर होतो. अशा स्त्रियांची परिस्थिती सुधारली की त्या आळशी तरी होतात किंवा कर्कशा तरी, असे समर्थन तो स्वतःपाशी करतो. पोलीस अडवितील म्हणून कुलवृत्ताचा दाखला आणि शिक्का खिशात बाळगणारा हा मनुष्य ओयुकीपुढे मात्र निनावी राहतो. शासनाला दाखवावयाची ओळख त्याच्यापाशी आहे. माणसाला द्यावयाची नाही.

काफूच्या अनेक चाहत्यांना हा भाग अडचणीचा वाटतो आणि ते तो वातावरणनिर्मितीच्या स्तुतीखाली झाकतात. वस्तुतः कृतीचे सामर्थ्य येथेच आहे. कथा लिहिताना आपल्याला सर्वाधिक आनंद होतो तो स्थळाच्या निवडीत व वर्णनात, आणि त्यापायी पात्रांच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करण्याची चूक आपल्या हातून घडली आहे, असे निवेदक स्वतःच म्हणतो. ही साहित्यविषयक टीप वाटते. पण कथेच्या संदर्भात ती नैतिक कबुली ठरते, कारण ओयुकीच्या बाबतीत नेमके हेच घडते. ती त्याला पार्श्वभूमीचा भाग म्हणून हवी होती. ती पात्र होऊ लागताच, म्हणजे भविष्यकाळ मागू लागताच, तो निघून जातो. अखेरीस ती आजारी पडून रुग्णालयात असल्याचे त्याला दुसऱ्याकडून कळते. जुन्या पद्धतीचा शेवट हवा असल्यास पुढे अकस्मात भेट घडवून आणता येईल, असे सांगून तो ती भेट लिहावयाचे नाकारतो. तानेदाची कादंबरीही अपुरीच राहते. आपण वापरलेल्या माणसाला खोटा दिलासा देणारा शेवट जोडावयाचा नाही, एवढी सचोटी निवेदकाजवळ आहे. त्याहून अधिक नाही.

म्हणून ‘बोकुतो किदान’ ही पूर्वतीराची कथा असण्यापेक्षा पूर्वतीराकडे येणाऱ्याची कथा आहे असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पाहुण्याची दृष्टी किती रसिक आणि किती निष्ठुर असू शकते, याचे इतके स्वच्छ चित्र अन्यत्र क्वचितच आढळते. दोष संभवतो तो वाचकाकडून: पाहुण्याचे आत्मचित्र हेच यजमानाचे चित्र, असे तो समजतो.

५

ही भिन्नता स्पष्ट होण्यासाठी याच भूमीवरील दोन कृती शेजारी ठेवाव्या लागतात. आकुतागावा र्‍यूनोसुके (१८९२–१९२७) होंजोत वाढला. ‘दाइदोजी शिनसुकेचे पूर्वायुष्य’ (१९२५) या आत्मचरित्रात्मक कथेचा पहिला भाग होंजोवरच आहे. तेथेही गटार आहे. स्वस्त खाऊची आणि जुन्या सामानाची दुकाने असलेला चिखलाचा रस्ता जेथे संपतो तेथे शेवाळ तरंगणारे मोठे गटार, आणि त्याला नेहमी येणारी दुर्गंधी. काफूच्या गटाराने जुना काळ जागा होतो. आकुतागावाच्या गटाराने काही जागे होत नाही, कारण ते रोजचे आहे. शिनसुकेच्या आठवणीत सुंदर रस्ता एकही नाही. तरीही श्रीमंत भागांपेक्षा त्याला उदास होंजोच प्रिय होते, आणि ते प्रेम प्रेमापेक्षा करुणेच्या अधिक जवळ असेल, असे तो म्हणतो. एकच वस्तू एकाला रम्य वाटते आणि दुसऱ्याला करुण. फरक दोघांच्या संवेदनशक्तीत नाही, रात्री परत कोठे जावयाचे यात आहे.

मे १९२७ मध्ये, मृत्यूपूर्वी जेमतेम दोन महिने, आकुतागावाने वृत्तपत्रासाठी ‘होंजो र्‍योगोकु’ ही लेखमाला लिहिली. भूकंपात जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या होंजोत तो बालपणीच्या खुणा शोधीत फिरतो. आता तोही पाहुणाच आहे. परंतु त्याला जे सापडत नाही त्याच्या जागी तो दुसरे काही कल्पित नाही. मालेच्या शेवटच्या भागाला ‘होजोकी’ या १२१२ मधील प्राचीन ग्रंथाचे नाव आहे, आणि त्यात घरी परतल्यावर वडीलधाऱ्यांशी झालेला साधा संवाद आहे. नगरांच्या नाशाचे चिंतन करणाऱ्या ग्रंथाचे नाव घरगुती बोलण्याला देणे यात कारागिरी आहे, हे खरे; पण ते बोलणे त्या भूमीवर आयुष्य काढलेल्या माणसांचे आहे. काफूच्या कृतीत असा संवाद संभवत नाही, कारण तेथून परतल्यावर ज्याच्याशी बोलावे असा कोणी निवेदकाला नाही.

६

दुसरी कृती कोदा आया (१९०४–१९९०) या लेखिकेची. कादंबरीकार कोदा रोहान याची ही कन्या तेराशिमा गावातच जन्मली. तामानोइची वस्ती ज्या गावात पुढे उभी राहिली ते हेच. १९२४ मध्ये कुटुंबाने हा भाग सोडला. १९२६ मध्ये तिचा धाकटा भाऊ क्षयाने वारला, आणि सुमारे तीस वर्षांनंतर, १९५६-५७ मध्ये, त्या अनुभवावर आधारलेली ‘ओतोतो’ (धाकटा भाऊ) ही कादंबरी तिने लिहिली.

कादंबरीचा आरंभ नदीच्या बांधावर होतो. बारीक पाऊस पडत आहे. सतरा वर्षांची गेन छत्री घेऊन झपाझप चालली आहे, आणि पुढे तिचा तीन वर्षांनी लहान भाऊ हेकिरो रागारागाने, छत्रीवाचून, भिजत चालला आहे. ती त्याला गाठू पाहते. तो वेग वाढवितो. मोठी नदी, चेरीची झाडे, पावसाळी वारा, सर्व दृश्य काफूने लिहिले असते तर रम्य झाले असते. येथे त्या दृश्याकडे पाहण्यास कोणास सवड नाही. बांध हा शाळेचा रस्ता आहे, आणि तो लांब असणे एवढेच त्याचे महत्त्व आहे.

छत्रीची ही दोन दृश्ये एकत्र ठेवण्याजोगी आहेत. काफूच्या कथेत छत्री उघडताच परकी स्त्री तिच्यात शिरते, आणि निवेदकाला न मागता एक प्रसंग लाभतो. उन्हाळा सरताच तो तिच्यापासून मोकळा होतो. कोदा आयाच्या कादंबरीत रक्ताचा भाऊ छत्रीत येत नाही, आणि बहीण त्याच्यापासून मोकळी होऊ शकत नाही. पुढे तो वाईट संगतीला लागतो, आजारी पडतो. रुग्णालयात रात्री त्याला गरज लागल्यास जाग यावी म्हणून दोघांच्या हातांना एक फीत बांधलेली असते. पाहुण्याजवळ फक्त छत्री असते. राहणाऱ्याजवळ छत्री अपुरी पडल्यावर फीत असते. ‘ओतोतो’मध्ये एदो नाही, हरवलेल्या संस्कृतीचा शोक नाही; घर, पैशाची ओढाताण, संधिवाताने त्रासलेली सावत्र आई आणि लेखनात गढलेला पिता आहे. तरीही पूर्वतीराचे अंतर, पाऊस आणि वारा शरीराला जाणवतात ते या कादंबरीत.

या दोन कृतींनीही चित्र पूर्ण होत नाही. काफूने रसिक मामाचे घर ज्या कोउमेत ठेवले, त्याच भागात १९१५ मध्ये नागासाकीहून आलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलगी राहत होती. तिला शाळा सोडून कारखान्यात जावे लागले. ती पुढे साता इनेको (१९०४–१९९८) या नावाने लेखिका झाली, आणि ‘कॅरॅमल कारखान्यातून’ (१९२८) या कथेत तिने बालकामगाराचे ते जीवन लिहिले. कानेगाफुचीची सूतगिरणी, होंजोतील घड्याळांचा कारखाना आणि असंख्य लहान कर्मशाळा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच या भागाला श्रमिकांचे नगर बनविले होते. काफूच्या छत्रीखालून ते नगर दिसत नाही.

७

आज तामानोइ हे नाव नकाशावरून जवळजवळ पुसले गेले आहे. वस्ती १९४५ मध्ये जळाली. वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५८ मध्ये पूर्णपणे अमलात आला. रेल्वेच्या तामानोइ स्थानकाचे नाव १९८७ मध्ये बदलून हिगाशी-मुकोजिमा झाले. नारिहिराच्या नावाने ओळखले जाणारे दुसरे स्थानक २०१२ मध्ये जवळच उभ्या राहिलेल्या ६३४ मीटर उंच मनोऱ्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. नावे बदलत असता ‘बोकुतो किदान’ मात्र वाचली जाते. तिचे १९६० आणि १९९२ मध्ये चित्रपट झाले, १९६५ मध्ये एडवर्ड सायडेनस्टिकर याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि जपानबाहेरील वाचकाला सुमिदाचा पूर्वतीर भेटतो तो बहुधा तिच्यातूनच.

म्हणूनच तिच्या साक्षीचे स्वरूप नेमके ठरविणे अगत्याचे आहे. ती या वॉर्डाच्या भूतकाळाची नोंद नाही. एका नव्या, दरिद्री आणि घाईने उभ्या राहिलेल्या वस्तीत एका सुसंस्कृत पाहुण्याने आपला भूतकाळ कसा वाचला, आणि त्या वाचनात एका जिवंत स्त्रीला कसे मागे टाकले, याची ती प्रामाणिक नोंद आहे. या अर्थाने ती थोर कृती आहे, आणि याच अर्थाने ती एकटी वाचता कामा नये. आकुतागावाचे गटार आणि गेनची छत्री शेजारी असली म्हणजे ओयुकीच्या दारातील गटारही केवळ शोभेचे राहत नाही. त्याच्या काठी कोणीतरी राहत होते, हे वाचकाच्या ध्यानात येते.